बॅटरीसाठी प्रोसेसर किती आवळावा?

प्रश्न : बॅटरी जास्त टिकावी म्हणून विंडोज 10 मध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट (प्रोसेसरच्या वेगाची कमाल मर्यादा) 50 टक्क्यांवर आणली. लॅपटॉप रखडतो, बॅटरी मात्र जेमतेम दहा मिनिटं जास्त पुरते. प्रोसेसर इंटेल आय5-8250यू आहे. आणखी खाली आणू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : खाली नको, वर न्या. 99 टक्के ठेवा. तुमच्या प्रोसेसरचा मूळ वेग 1.6 गिगाहर्ट्‌झ आहे, टर्बोमध्ये, म्हणजे जड कामापुरता वेग आपोआप वाढतो तेव्हा, तो 3.4 पर्यंत चढतो. 100 चं 99 केलं की टर्बो बंद होतो आणि खरी बचत तिथेच आहे. इतका वेग गाठायला व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि ऊर्जेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. व्होल्टेज 10 टक्के उतरलं, तर तेवढ्याच कामात प्रोसेसरची सुमारे 19 टक्के ऊर्जा वाचते.

पण व्होल्टेजलाही तळ असतो. त्याखाली वेग घटवला तर व्होल्टेज उतरत नाही, काम तेवढं लांबतं. तोवर स्क्रीन, रॅम, वायफाय वीज खातच राहतात आणि प्रोसेसरला झोपायला सवड मिळत नाही. 50 टक्क्यांवर तुमचं हेच होतंय.

कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, चालू प्लॅनसमोरचं चेंज प्लॅन सेटिंग्ज, मग चेंज अ‍ॅडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज असं जा. प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंटखाली मॅक्झिममच्या फक्त ‘ऑन बॅटरी’ला 99 द्या; ‘प्लग्ड इन’ 100 राहू द्या. तिथेच मिनिममही बघा. ते 5 टक्के हवं. हाय परफॉर्मन्स प्लॅनमध्ये ते 100 असतं, म्हणजे काम नसतानाही वेग उतरत नाही. अप्लाय केल्यावर चार्जर काढा, एखादं जड काम चालवा आणि टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली सीपीयूचा वेग पाहा. तो मूळ वेगाच्या आसपासच थांबला पाहिजे. तरीही 3 गिगाहर्ट्‌झच्या वर जात असेल, तर बहुधा लॅपटॉप कंपनीचं पॉवर सॉफ्टवेअर तुमचं सेटिंग पुसतंय. आधी त्यातला मोड बदला.

फरक जाणवेल तो जड कामात. नुसतं वाचन-टायपिंग असेल तर प्रोसेसर तसाही बहुतेक वेळ झोपलेला असतो. तिथे स्क्रीनचा उजेड कमी करणंच जास्त उपयोगी. 50 वॉट-तासांची बॅटरी 10 वॉटला 5 तास पुरते, 8 वॉटला सव्वासहा.

प्रश्न : माझ्या नव्या विंडोज 11 लॅपटॉपमध्ये प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट दिसतच नाही. बिघाड आहे का?

उत्तर : नाही. मॉडर्न स्टँडबाय (फोनसारखं पटकन जागं होणारी झोप) असलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर हा पर्याय लपवलेला असतो. सेटिंग्ज, सिस्टीममधल्या पॉवर अँड बॅटरीत जाऊन पॉवर मोड ‘बेस्ट पॉवर एफिशियन्सी’ करा. तो बदलता येत नसेल तर कंट्रोल पॅनलमध्ये आधी बॅलन्स्ड प्लॅन निवडा.