सरांनी कथेची वाट लावली, आता एक ओळ सुचत नाही

"मॅडम, सरांनी माझी कथा अख्ख्या वर्गासमोर धुऊन काढली, तेव्हापासून काही म्हणजे काही लिहिता येत नाहीये, मला लिहिता येतच नव्हतं का?" सबमिशनचे दिवस जवळ आले की हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडून येतोच. आता बऱ्याच कॉलेजांत कथा, ललित, एकांकिका असं काहीतरी लिहून प्रोजेक्ट म्हणून द्यावं लागतं, त्याला मार्क असतात आणि त्यावर शिक्षकांचा शेरा येतो. गणित चुकलं तर मुलं म्हणतात गणित चुकलं. कथेवर शेरा आला की म्हणतात मीच चुकले. इथंच सगळी गोची आहे, म्हणून एका मुलीची केस जरा सविस्तर लिहितेय. तिची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात.

ही मुलगी सोलापूर जिल्ह्यातली, एसवायबीएला, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारी. वडील एसटीत कंडक्टर. प्रोजेक्टची कथा तिनं वडिलांवरच लिहिली होती. पहिला ड्राफ्ट दिला, सरांनी त्यातली दोन वाक्यं वर्गात मोठ्यानं वाचली, पोरं हसली, आणि शेवटच्या पानावर शेरा आला, 'भावना आहेत, कथा नाही. पाठ्यपुस्तकी मराठी. तुमच्याकडे स्वतःचं सांगण्यासारखं काही दिसत नाही. पुन्हा लिहा.'

पुन्हा लिहा म्हटल्यावर ही रोज अभ्यासिकेत जाऊन लॅपटॉप उघडायची, पहिलं वाक्य टाइप करायची, खोडायची, परत टाइप करायची, परत खोडायची, आणि अभ्यासिका बंद व्हायच्या वेळेला स्क्रीनवर नुसतं 'एसटी' एवढा शब्द उरलेला असायचा. मग रूमवर येऊन मध्यरात्रीपर्यंत रील्स. सरांच्या लेक्चरला जायचं बंद. माझ्याकडे आली तेव्हा म्हणाली, "चॅटजीपीटीकडून लिहून घेते आणि देऊन टाकते मॅडम, नाहीतरी माझ्याकडं सांगण्यासारखं नाहीच ना काही." हे ती चिडून म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं, पण ती शांतपणे म्हणाली, म्हणजे तिनं ते मान्यच करून टाकलं होतं.

मैत्रिणींनी समजूत काढायचा प्रयत्न केला होता. एक म्हणाली की पुण्यात हे असंच असतं, मनाला लावून घेऊ नकोस, कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला, पुरुषोत्तमला बघ ना, 2022 ला परीक्षकांनी करंडकाच्या तोडीची एकांकिकाच नाही म्हणून करंडक कुणालाच दिला नव्हता. खरंय ते, आणि त्यानंतरच्या वर्षीही मुलं तालमी करून भरत नाट्य मंदिरात उभी राहिलीच. पण एकांकिकेत दहा-पंधरा जणं मिळून मार खातात, रात्री कट्ट्यावर बसून परीक्षकांना शिव्या घालून मोकळी होतात. कथा लिहिणारी पोरगी एकटी असते. तिला 'लावून घेऊ नकोस' म्हणून उपयोग नसतो, कारण ते लागलेलं असतं आधीच.

मी तिला म्हटलं, तो प्रिंट घेऊन ये. तिनं तो रूमवर गादीखाली ठेवला होता. आणला, आणि मग आम्ही कथा बाजूला ठेवून फक्त समासातले शेरे वाचले, एकेक करून, आणि प्रत्येक शेऱ्यापुढं तिनं पेन्सिलनं लिहायचं की हा शेरा कशाबद्दल आहे, कागदावरच्या मजकुराबद्दल, सरांच्या आवडीनिवडीबद्दल, की तिच्याबद्दल. 'फिल्मी' हे आवडीत गेलं. 'शेवट आयता' हे मजकुरात. 'स्वतःचं सांगण्यासारखं काही दिसत नाही' हे तिच्याबद्दल, आणि त्यापुढं मी तिला फुली मारायला लावली, कारण एका कथेवरून माणसाकडे काय आहे नि काय नाही हे कुणालाच कळत नाही, सरांनाही नाही. माझं मत विचाराल तर असं वाक्य शिक्षकानं लिहूच नये.

फुली मारून आम्ही थांबलो नाही. समासात एक शेरा परत परत येत होता, 'कोण बोलतंय?' चार ठिकाणी. मी विचारलं हे काय आहे, तर ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "ते बरोबरे मॅडम. अर्धी गोष्ट मी सांगतीय आणि मध्येच पप्पांच्या मनातलं येतंय. मला लिहितानाच वाटत होतं की काहीतरी गडबड आहे." म्हणजे अपमानाच्या ढिगाऱ्याखाली एक खरी, कामाची गोष्ट पडलेली होती, आणि ती तिला स्वतःलाही आधीपासून माहीत होती. कडक फीडबॅकमध्ये बऱ्याचदा असं होतं. बोलण्याची पद्धत इतकी बोचते की त्यातलं बरोबर काय ते बघायला माणूस परत तिकडं जातच नाही, आणि न बघितल्यामुळे सगळंच बरोबर असेल अशी भीती वाढत जाते.

आता अडकण्याबद्दल थोडं सांगते. माइक रोझ नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं 1980 मध्ये लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियातल्या 10 विद्यार्थ्यांचा अभ्यास मांडला होता, त्यात पाच जण लिहिताना अडकणारे होते आणि पाच न अडकणारे. अडकणाऱ्यांकडे हुशारी कमी होती असं नाही, त्यांच्या डोक्यात नियम जास्त घट्ट होते. पहिलं वाक्य वाचकाला खेचून घेणारंच हवं, प्रत्येक वाक्य पहिल्या झटक्यात बरोबर यायला हवं, असले. न अडकणाऱ्यांकडेही नियम होते, पण जमलं नाही तर ते सोडून देऊन पुढं जायचे. आमच्या या मुलीचं तेच झालं होतं, फक्त तिचा नियम नवा होता, सरांना हसू येणार नाही असंच वाक्य लिहायचं. असं वाक्य अस्तित्वात नसतं. कणीक मळतानाच पोळी फुगली का ते बघत बसल्यासारखं आहे हे.

पण मला अजून एक गोष्ट खटकत होती. कथेत 'पित्याच्या नेत्रांतील अथांग व्यथा' असं वाक्य होतं, वर्गात वाचलं गेलं ते हेच, आणि समोर बसलेली मुलगी असं एक वाक्य बोलत नव्हती. म्हणून म्हटलं, कथा राहू दे, पप्पा घरी आले की काय करतात ते सांग. आणि ती सुटलीच. घरी आल्यावर पप्पा आधी मोरीत जाऊन साबणानं हात धुतात, दोनदा, तरी बोटांना नाण्यांचा वास येतो, लहान भाऊ त्यांच्या हातून घास घेत नाही. खांद्यावर बॅगेच्या पट्ट्याचा काळा वळ पडलाय तो आता जात नाही. झोपेत 'पुढं सरका, पुढं सरका' म्हणतात, आणि आई तेवढी सरकून झोपते. स्वारगेटची ड्युटी लागली की हिला फोन करतात आणि ही डबा घेऊन जाते, तर गाडीच्या आड उभं राहून बोलतात, कारण कॉलेजच्या कुणी पोरांनी बघितलं तर हिला कसं वाटेल म्हणून.

मी म्हटलं हे कथेत कुठाय? तर म्हणाली, "असलं कुठं लिहितेत होय ओ मॅडम."

मग हळूहळू निघालं की एफवायला वर्गात उत्तर देताना ती 'करालेत' का असंच काहीतरी गावाकडचं म्हणाली होती आणि मागच्या बेंचवरून कुणीतरी नक्कल केली होती. तेव्हापासून तिनं दोन मराठी केल्या होत्या, एक घरच्या फोनवरची आणि एक पुण्यातली, आणि लिहायला तिसरीच, पुस्तकातली, जिच्यावर कुणी हसू शकणार नाही अशी. नेमका त्या पुस्तकी मराठीवरच वर्ग हसला. म्हणजे सरांचा शेरा कथेवर पडला पण लागला तो एफवायच्या त्या जुन्या जागी. पुण्याला बाहेरून शिकायला येणाऱ्या मुलांमध्ये ही लाज मी फार बघते, आणि पुणेकर मुलांना तिचा पत्ताही नसतो, हे मला मनापासून लागतं.

आम्ही ठरवलं ते अगदी साधं होतं. लॅपटॉप बंद. धाकट्या बहिणीला व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट पाठवायची, घरच्या भाषेत, पप्पांची एकेक गोष्ट, जशी आठवेल तशी. नंतर ती ऐकत ऐकत टाइप करायची, वीस मिनिटांचा अलार्म लावून, आणि तेवढ्या वेळात खोडायचं नाही, स्पेलिंगसुद्धा नाही, शब्द अडला तर तिथं टिंबं टाकायची आणि पुढं. अलार्म वाजला की उठायचं, सुचत असलं तरी उठायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी बसावंसं वाटतं. अलार्मचं तिला पहिल्यांदा पोरकट वाटलं, आणि पहिले काही दिवस जे आलं ते वाचवत नव्हतं, हे तिनंच सांगितलं. तरीही पानं साठायला लागली, आणि साठलेलं पान खोडता येतं, नीट करता येतं, कोऱ्याचं काही करता येत नाही.

'कोण बोलतंय' चा निकालही त्यातच लागला, कारण व्हॉइस नोटमध्ये बोलणारी एकच असते. पप्पांच्या मनात काय चाललंय ते तिला माहीतच नव्हतं, तिला दिसत होतं ते गाडीच्या आड उभं राहणं.

मग सरांकडे जायचा विषय निघाला. ती नाहीच म्हणत होती. मी जबरदस्ती केली नाही, पण एवढं सांगितलं की गेलीस तर 'कशी वाटली' असं विचारू नकोस, त्याला उत्तर म्हणून निकालच मिळतो. विचार की वाचताना कुठं अडखळलात, कुठं कंटाळा आला, आणि कुठला भाग अजून हवा होता. शेवटी ती गेली, प्रश्न कागदावर लिहून घेऊन. सर काही एकदम गोड झाले नाहीत. म्हणाले आता कोण बोलतंय ते कळतंय, शेवट अजून लांबलाय, तो डब्याचा प्रसंग आधी आण. भाषेबद्दल त्यांनी विचारलं की ही बोली आधी का नाही वापरलीस. ती म्हणाली, "भीती वाटत होती सर." त्यावर ते काय म्हणाले ते तिनं मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मार्क बरे पडले, फार नाही.

शिक्षक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एक. 1999 मध्ये जेफ्री कोहेन, क्लॉड स्टील आणि ली रॉस यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, विद्यार्थ्यांच्या लिखाणावर टीका कशी दिली की ती त्यांच्या उपयोगाला येते यावर. नुसती टीका, टीकेबरोबर थोडं कौतुक, आणि तिसरा प्रकार म्हणजे तीच टीका पण सोबत 'माझी अपेक्षा मोठी आहे आणि तू तिथं पोचशील असं मला वाटतं' हे स्पष्ट सांगून. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना, म्हणजे आपल्याकडे आधीच कमी लेखून बघतात अशी शंका ज्यांच्या मनात असते त्यांना, या तिसऱ्या प्रकारानं सगळ्यात जास्त बळ दिलं. टीका सौम्य करायची गरज पडली नव्हती. खेड्यातून आलेल्या, भाषेची लाज बाळगणाऱ्या पोरांच्या वहीवर हे एक वाक्य जास्तीचं लिहायला किती वेळ लागतो सांगा.

आईवडिलांकडूनही फोन येतात, "एवढं काय त्यात, एका गोष्टीसाठी रडतेय." तिला रडू द्या, आणि 'छानच लिहिलंय तू' असं न वाचता म्हणू नका, मुलांना ते लगेच कळतं. वाचलंत तर एखादी जागा दाखवा की हे वाचताना मला अमुक आठवलं.

आणि नवा ड्राफ्ट लगेच सगळ्या ग्रुपवर टाकायचा नाही. एक माणूस निवडा, जो वाचतो आणि ज्याला तुमच्याशी स्पर्धा नाही, आणि त्याला एकच प्रश्न विचारा. या मुलीनं बहिणीला विचारलं होतं, पप्पांना हे वाचून दाखवलं तर चालेल का. बहीण म्हणाली, नाण्यांच्या वासाचं काढ, त्यांना वाईट वाटेल. तिनं ते काढलं नाही, पण पप्पांना विचारलं, आणि ते म्हणाले राहू दे, खरंच येतो वास.

न लिहिता येणं आठवडाभर टिकलं, चिडचिड झाली, तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालीय, जेवण जात नाहीये, कॉलेजला जाणंच बंद झालंय, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येतायत, तर विषय कथेचा राहिलेला नाही, तेव्हा घरी सांगा, कॉलेजच्या समुपदेशकाला भेटा, नाहीतर टेली मानसच्या 14416 वर फोन करा, केंद्र सरकारची ही हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

राहिला प्रश्न गाइड बदलून घेऊ का, हाही बरेच जण विचारतात. सर किंवा मॅडम तुमच्या जातीवरून, गावावरून, दिसण्यावरून बोलत असतील तर हो, लेखी तक्रार करा आणि बदलून मागा, अजिबात गप्प बसू नका. नुसते कडक असतील तर आधी तो प्रिंट गादीखालून काढा आणि पेन्सिल घेऊन बसा.