महागड्या केबलने गाणे खरोखर अधिक चांगले ऐकू येते का?

प्रश्न : माझ्याकडे एक स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर, ८ ओहमचे दोन स्पीकर आणि वडिलांच्या काळातला रेकॉर्ड प्लेअर आहे. मी मुख्यतः ख्याल आणि ठुमरी ऐकतो. अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकर ४ मीटरवर आहेत आणि सध्या टेबललॅम्पला असते तशी बारीक वायर जोडलेली आहे. एका विक्रेत्याने ३८,००० रुपयांची, चांदीचा मुलामा दिलेली केबल सुचवली व दुकानात ऐकवलीही. तानपुरा अधिक मोकळा वाटला, हे मला नाकारता येत नाही. हा खर्च करावा का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ती केबल घेऊ नका, मात्र सध्याची बारीक वायर अवश्य बदला. ही दोन्ही विधाने एकाच कारणातून निघतात, म्हणून ते कारण आधी पाहू.

अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामधल्या तारेचा ध्वनीवर होणारा परिणाम बहुतांशी तिच्या विद्युतरोधावर, म्हणजे विजेच्या प्रवाहाला ती करत असलेल्या अडथळ्यावर, अवलंबून असतो, आणि हा रोध तारेची लांबी, जाडी व धातू या तीन गोष्टींवर ठरतो. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेत, जाण्या-येण्याचे मिळून ८ मीटर धरले, तर सुमारे ०.३ ओहम रोध येतो. अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेत तो ०.०६ ओहमच्या आसपास राहतो. स्पीकरवर ‘८ ओहम’ असे छापलेले असले, तरी प्रत्यक्षात त्याचा रोध स्वराच्या उंचीप्रमाणे सतत बदलत असतो. एखाद्या पट्ट्यात तो ४-५ ओहमपर्यंत उतरतो, तर दुसऱ्या पट्ट्यात ३० ओहमपर्यंत चढतो. त्यामुळे बारीक तार सगळे स्वर सारखेच कमी करत नाही, काही जास्त आणि काही कमी असे करते, आणि हा असमतोल अर्ध्या डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. सराव असलेल्या कानाला तो जाणवणे शक्य आहे. जाड तारेने तो जवळजवळ नाहीसा होतो, आणि त्यापुढे कितीही पैसे मोजले तरी कमी करण्यासारखे फारसे काही उरत नाही.

आता चांदीविषयी. चांदी तांब्यापेक्षा चांगली वाहक आहे हे खरे, पण फरक ५ ते ६ टक्क्यांचा आहे. तार किंचित जाड घेतली की तो भरून निघतो, आणि नुसत्या मुलाम्याने तर तेवढाही साधत नाही. ‘ऑक्सिजनविरहित तांबे’ या शब्दांना विक्रीच्या पत्रकात मोठे स्थान असते, परंतु साध्या विद्युत-दर्जाच्या तांब्यापेक्षा त्याची वाहकता जेमतेम १ टक्क्याने अधिक असते. शिवाय, तुमच्या स्पीकरच्या आत व्हॉइस कॉइल (पडदा हलवणारे तारेचे वेटोळे) आहे, क्रॉसओव्हरमधली (उंच व खालचे स्वर वेगळे करणाऱ्या मंडलातली) वेटोळी आहेत, आणि ती सगळी कित्येक मीटर बारीक तारेची आहेत. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये एकट्या व्हॉइस कॉइलचाच रोध बहुधा ६ ओहमच्या आसपास असतो. त्या वाटेवरून जाणाऱ्या प्रवाहाला आधीच्या ४ मीटरमध्ये चांदी लाभली होती, याने पुढे काही फरक पडत नाही.

मग दुकानात तानपुरा मोकळा का वाटला? तुमचे कान खोटे बोलले असे मी म्हणणार नाही. आवाजाच्या मोठेपणात अर्ध्या डेसिबलचा फरक पडला, तर तो ‘मोठा’ म्हणून नव्हे, तर ‘स्वच्छ’, ‘जिवंत’ म्हणून जाणवतो. त्यात, दुसऱ्यांदा ऐकताना आपण जवारीकडे, म्हणजे तानपुऱ्याच्या गुंजणाऱ्या झंकाराकडे, मुद्दाम लक्ष देतो, आणि लक्ष दिले की जे आधीही होते ते ऐकू येऊ लागते. अमेरिकेतील ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या मासिकाने ऑगस्ट १९८३ मध्ये याच प्रश्नावर केलेली चाचणी प्रसिद्ध केली होती. श्रोत्यांना कोणती तार जोडली आहे हे कळू न देता महाग जाड केबल, साधी जाड १६ गेजची वायर आणि बरीच बारीक २४ गेजची वायर (गेजचा आकडा मोठा तेवढी वायर बारीक) यांची तुलना करण्यात आली. बारीक वायर चाचणीच्या ध्वनीवर वेगळी ओळखता आली. मात्र आवाजाची पातळी सारखी केल्यावर, संगीत ऐकताना साधी जाड वायर आणि महाग केबल यांतला फरक श्रोत्यांना खात्रीने सांगता आला नाही.

हा प्रयोग घरीही करता येतो, आणि ३८,००० रुपये देण्यापूर्वी तो करणे हा तुमचा हक्क आहे. विक्रेत्याकडून केबल दोन दिवसांसाठी मागून घ्या. घरातल्या कुणाला तरी नाणे उडवून, छापा-काट्याप्रमाणे केबल जोडायला आणि नोंद ठेवायला सांगा, तुम्ही पाठ करून ऐका, आणि असे १६ वेळा करा. १२ किंवा त्याहून अधिक वेळा बरोबर ओळखलेत, तर ते नुसत्या योगायोगाने घडण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते.

रेकॉर्ड प्लेअरच्या केबलची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि तिकडे तुमचे लक्ष जायला हवे. तुमच्या प्लेअरला मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुईच्या हालचालीने चुंबक हलवून संकेत तयार करणारा भाग) असेल, तर त्यातून येणारा संकेत अवघ्या काही मिलिव्होल्टचा असतो, आणि केबलची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) त्या कार्ट्रिजच्या वेटोळ्याशी मिळून वरच्या स्वरांचा तोल ठरवते. केबल विनाकारण लांब घेतली, तर तार सप्तकातल्या षड्जाच्या वरचे जे बारीक आंशिक स्वर आवाजाला धार देतात, तिथेच बिघाड होतो. म्हणून ही केबल एक मीटरपेक्षा लांब नको, तिला बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारे चांगले आवरण हवे, आणि तिची धारिता कार्ट्रिजच्या पत्रकात सांगितलेल्या मर्यादेत बसायला हवी. प्लेअरमागची वेगळी बारीक अर्थिंगची तार अ‍ॅम्प्लिफायरच्या स्क्रूला नीट कसली आहे ना, हेही पाहा. ५० हर्ट्झची घरघर बहुधा तिथूनच येते.

स्पीकरसाठी विद्युत साहित्याच्या दुकानातली अडीच चौरस मिलिमीटरची, अनेक बारीक तारांची लवचीक वायर पुरेशी आहे. टोक ब्लेडने खरवडून पाहा : आत पांढरा धातू दिसला, तर ते तांबे चढवलेले अ‍ॅल्युमिनियम आहे, ते घेऊ नका. किनाऱ्यावरच्या दमट, खाऱ्या हवेत उघड्या तांब्यावर पूजेच्या तांब्यासारखा हिरवट थर धरतो, म्हणून दर पावसाळ्यानंतर टोके कापून नवी सोलावीत. कित्येकदा ‘नवी केबल’ म्हणून जो फरक ऐकू येतो, तो खरे तर स्वच्छ झालेल्या सांध्याचा असतो. जोडताना दोन्ही स्पीकरची लाल-काळी टोके सारखीच ठेवा. एक उलटे राहिले, तर डग्ग्याचा आवाज पोकळ होतो.

प्रश्न : त्याच विक्रेत्याने विजेची जाड पॉवर केबलही सुचवली आहे. तिचा उपयोग होईल का? — तेच वाचक

उत्तर : नाही. रस्त्यावरच्या खांबापासून तुमच्या भिंतीतल्या सॉकेटपर्यंत वीज साध्या वायरीतूनच येते, आणि अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरताच तिचे डीसीत रूपांतर होते. शेवटच्या दीड मीटरने त्यात सुधारणा होत नाही. सॉकेटचे अर्थिंग मात्र वायरमनकडून तपासून घ्या. उरलेल्या रकमेतून जाड पडदे आणि एक मोठी सतरंजी आणा, आणि स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे ओढा. गुळगुळीत फरशी आणि मोकळ्या भिंती आवाजाचे जेवढे नुकसान करतात, तेवढे कोणतीही वायर करत नाही.