आंब्याच्या साइटवर केशरी-हिरवं भडक का दिसतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हापूसच्या घरगुती विक्रीसाठी साइट केली, आंब्याचा केशरी आणि पानाचा हिरवा घेतला. झाडावर शोभणारी ही जोडी पडद्यावर डोळ्यांत खुपते आणि बटणावरची अक्षरं फोनवर उन्हात दिसत नाहीत.

जोडी चुकलेली नाही. दोन्ही रंग जवळपास सारख्याच उजळपणाचे घेतलेत, घोटाळा तिथे आहे. तुम्ही दिलेले आकडे एचएसएलमध्ये (रंग लिहायची पद्धत: छटा ० ते ३६० अंशांत, मग गडदपणा म्हणजे शुद्धता आणि उजळपणा टक्क्यांत) असे आहेत: केशरी ३५, १००, ५० आणि हिरवा १२०, १००, ३५. या दोघांतला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातल्या फरकाचं गुणोत्तर (१ म्हणजे फरकच नाही, पांढऱ्यावर काळा २१), निघतो जेमतेम १.३. पांढऱ्या अक्षरांचा केशरीवर २.२. साध्या मजकुराला किमान ४.५ लागतो, २४ पिक्सेल किंवा त्याहून मोठ्या अक्षरांना ३. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये ‘रेंडरिंग’ टॅब उघडून दृष्टिदोषाच्या यादीतला शेवटचा, रंगच न दिसण्याचा पर्याय लावून बघा. तुमचं बटण आणि मागची पट्टी एकाच राखाडीत विरघळतील. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना कळत नाही, त्यांनाही ही जोडी अशीच त्रास देते.

एचएसएलमधला तिसरा आकडा इथे फसवतो. शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा, दोघांचाही तो ५०च. पण पांढऱ्यावर पिवळ्याचा कॉन्ट्रास्ट १.०७ आणि निळ्याचा ८.६. कारण डोळ्याला हिरवा प्रकाश सर्वांत उजळ वाटतो, निळा सर्वांत कमी. म्हणून कलर व्हीलवर (छटा गोलाकार मांडलेल्या चक्रावर) समोरासमोरचे रंग उचलून काम भागत नाही. व्हील फक्त छटा सांगतं. जोडी जमते ती उजळपणातल्या अंतरावर. सवय असेल तर ओकेएलसीएचमध्ये (डोळ्याला दिसणाऱ्या उजळपणावर बेतलेली रंग लिहायची पद्धत) काम करा, तिथला उजळपणाचा आकडा बराच प्रामाणिक आहे आणि २०२३ पासून सगळे मोठे ब्राउझर तो समजतात.

तुमच्यासाठी मी हे रंग घेईन. पार्श्वभूमी मोतिया: ४०, ५०, ९७. मजकूर काळाकुट्ट नको, गर्द तपकिरी: २५, ४५, १३, मोतियावर त्याचा कॉन्ट्रास्ट १५ येतो. हिरवा खाली उतरवून बाटलीच्या रंगावर न्या: १४०, ४५, २५. ‘ऑर्डर करा’चं बटण याच रंगाचं, वर पांढरी अक्षरं, कॉन्ट्रास्ट ७.९. केशरी आहे तोच ठेवा, पण त्यावर अक्षरं फक्त तपकिरी, तिथे ७.२ मिळतो. हा हिरवा केशरीवर ३.६च देतो, म्हणजे त्यावर बारीक अक्षरं लिहू नका. फॉर्मच्या चौकटींची रेघ २५, १५, ५०; फिक्या राखाडी रेघा उन्हात नाहीशा होतात.

केशरी किती वापरायचा? खोल्या रंगवताना ६०-३०-१० सांगतात (मुख्य रंग ६० टक्के, जोडीचा ३०, उठावाचा १०), पण इथे १० टक्केसुद्धा मला जास्त वाटतो. स्क्रीनभर पानात तो एक-दोनदाच दिसू दे: सवलतीची पट्टी, पेटीच्या भावाखालची रेघ, बस्स.

त्याचं खरं कारण फोटो आहेत. साइटवरचा सगळ्यात मोलाचा केशरी आंब्याचाच. त्याच्यामागे त्याहून भडक केशरी आला की पिकलेलं फळही विटकं, कच्चं दिसतं. पॅरिसच्या गोबेलिन या चित्रपट विणायच्या कारखान्यात काळा रंग फिका लागतो अशी तक्रार होती. रसायनशास्त्रज्ञ शेव्रलने दाखवून दिलं की दोष रंगाईत नव्हता, शेजारच्या धाग्यांच्या रंगात होता. त्याचा ग्रंथ १८३९ चा, पण नियम पडद्यावरही तसाच लागू आहे. म्हणून फोटोभोवती मोतियाच ठेवा. फोटो मात्र सगळे एकाच उजेडात, खिडकीशेजारी काढा. एक ट्यूबलाइटखाली आणि एक उन्हात काढला तर एकाच पेटीतले आंबे दोन जातींचे वाटतील.

कोडमध्ये सीएसएस व्हेरिएबलना (रंग एकदाच लिहून ठेवायच्या नावांना) ‘केशरी’, ‘हिरवा’ अशी नावं देऊ नका. ‘मुख्य बटण’, ‘मजकूर’, ‘रेघ’ अशी कामावरून नावं द्या, मग रंग बदलला तरी एकाच ठिकाणी हात लावावा लागतो. बटणावर माउस नेल्यावर तोच हिरवा उजळपणात ६-७ ने खाली न्या, नवा रंग आणू नका.

आणि पिनकोड चुकला की येणारी सूचना केशरीत दाखवू नका, ती सवलतीसारखी दिसते. तिच्यासाठी वेगळा लाल घ्या, ०, ७५, ४०, आणि सोबत ‘पिनकोड ६ अंकी हवा’ असं शब्दांत लिहा.