खाण्याच्या जाहिरातीत कार्टून मस्कॉट, म्हणजे मालाची ओळख बनलेली चित्रातली पात्रं, कधीपासून आली? त्यांच्यामुळे खरंच खप वाढतो का? आणि पार्ले-जीवरची ती मुलगी नक्की कोण?

तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मी लिहायला बसले, बाकीचे दोन नंतर बघू.

ती मुलगी कुणीही नाही. ते चित्र आहे. १९६० च्या दशकात एव्हरेस्ट क्रिएटिव्ह या जाहिरात कंपनीतल्या मगनलाल दहिया यांनी काढलेलं. पार्लेवाल्यांनी स्वतः हे अनेकदा सांगून झालंय. तरी व्हॉट्सअ‍ॅपवर कधी नागपूरच्या कुणा बाईंचा फोटो फिरतो, कधी सुधा मूर्तींचा, आणि खाली शंभर लोक हात जोडतात. चित्रातली पोर शोधायला अख्खा देश निघतो आणि चित्र कुणी काढलं हे विचारणारा एक माणूस भेटत नाही, याचा मला मनापासून राग येतो. का येतो ते पुढे कळेलच.

आधी इतिहास, थोडक्यात. खाणं जोपर्यंत पोत्यातून, बरणीतून सुटं विकलं जात होतं तोपर्यंत चित्राची गरजच नव्हती, वाणी ओळखीचा असायचा आणि माल खराब निघाला तर त्यालाच जाऊन धरायचं. माल कारखान्यात बंद होऊन पुड्यातून यायला लागला तेव्हा विश्वास ठेवायला कुणाचा तरी चेहरा लागला, आणि वाचता न येणाऱ्याला, लहान पोराला बोट दाखवून मागता येईल अशी खूणही लागली. अमेरिकेत क्वेकर ओट्सचा टोपीवाला माणूस १८७७ सालचा, पण त्याला कार्टून म्हणता येणार नाही. कॅम्पबेल सूपची गुबगुबीत पोरं १९०४ ची, ती ग्रेस ड्रेटन या चित्रकर्तीने काढली. प्लँटर्स शेंगदाण्यांचा मिस्टर पीनट १९१६ चा, केलॉग्जचा टोनी वाघ १९५२ चा. हसणाऱ्या गाईचं चीज आता आपल्याकडेही मिळतं, ती गाय फ्रान्सच्या बेंजामिन राबिए यांची.

यातला मिस्टर पीनट मला सगळ्यात जवळचा. कंपनीने स्पर्धा ठेवली आणि व्हर्जिनियातल्या सफोक गावच्या अँटोनियो जेंटिले नावाच्या शाळकरी पोराने हातपाय फुटलेली शेंग काढून पाठवली. बक्षीस किती, तर पाच डॉलर. ती उंच हॅट आणि एका डोळ्याची काच कमर्शियल आर्टिस्टने नंतर चढवली. पण कंपनीचे मालक अमेडिओ ओबिची यांनी पुढे त्या पोराच्या आणि त्याच्या भावंडांच्या शिक्षणाला पैसे दिले, पोरगा डॉक्टर झाला. आणि मुख्य म्हणजे शंभर वर्षांनीसुद्धा त्याचं नाव लोकांना माहीत आहे, मी इथे सांगलीत बसून टाइप करतेय.

आता आमच्याकडचं सांगते.

माझे वडील, आम्ही आप्पा म्हणतो, बोर्ड पेंटर. दुकानाच्या पाट्या, ट्रकच्या फळ्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, निवडणुकीच्या भिंती, गणपती मंडळाचे पडदे, सगळं. प्रत्येक बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात बारीक लायनर ब्रशने नाव आणि पुढे 'आर्ट्स' एवढी सही. आमच्या भागात एक भडंगवाले आहेत, नाव घेत नाही, धंदा चालू आहे आणि चांगला चालू आहे. ते पूर्वी वर्तमानपत्राच्या पुडीतून भडंग द्यायचे, मग प्लास्टिकच्या छापील पिशव्या करायच्या ठरल्या तेव्हा शेठ आप्पांकडे आले आणि म्हणाले, पेंटर, असं काहीतरी काढा की पोरानं बोट दाखवून मागितलं पाहिजे. बास, एवढीच ऑर्डर. ना प्राणी सांगितला ना रंग.

आप्पांनी पोपट काढला. स्क्रीन प्रिंटिंगला दोनच रंग परवडणार होते, तिसरा रंग म्हणजे तिसरी स्क्रीन आणि तिसरा खर्च. म्हणून हिरवा आणि लाल. हिरव्यात पोपट, लालमध्ये चोच, फेटा आणि पंजात धरलेली मिरची. आमचं भडंग तिखट, लसूण-मिरचीचं, आणि पोपट मिरची खातो हे शेंबड्या पोरालाही माहीत, म्हणजे मालाची चव एका चित्रात सांगून झाली. रेषा मुद्दाम जाड ठेवल्या, कारण बारीक रेषा प्लास्टिकवर फिसकटते. आणि डोळा काढलाच नाही. डोळ्याच्या जागी गोल मोकळा ठेवला, तिथून आतला भडंग दिसायचा, पिशवी हलवली की आतले चुरमुरे सरकायचे आणि पोपटाने डोळा फिरवल्यासारखं वाटायचं. आम्ही पोरं दुकानात नुसत्या पिशव्या हलवत उभी असायचो. हे सुचायला डोकं लागतं. नुसता हात असून भागत नाही.

मग तोच पोपट आप्पांनी दुकानाच्या भिंतीवर मोठा केला. छोट्या चित्रावर चौकटी आखायच्या, गेरू लावलेली दोरी भिंतीवर ताणून सोडायची की तेवढ्याच चौकटी मोठ्या उमटतात, मग एकेक घर भरत जायचं. आजूबाजूच्या गावांत भडंग जिथे जिथे गेलं तिथे तिथे आप्पांनी जाऊन पोपट रंगवला. लोक भडंगाचं नाव घ्यायचेच नाहीत, 'पोपट द्या' म्हणायचे. पैसे मिळाले का? मिळाले, बोर्डाच्या रेटने, चौरस फुटावर. चित्र सुचल्याचे वेगळे पैसे द्यायचे असतात हे शेठना माहीत नव्हतं आणि आप्पांनी मागितले नाहीत.

पुढे फ्लेक्स आला आणि बोर्ड पेंटरांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यावर इथे लिहीत बसत नाही. शेठच्या मुलाने धंदा मोठा केला, पोपट कुणा पोराकडून कॉम्प्युटरवर कोरल ड्रॉमध्ये ट्रेस करून घेतला, चार रंग, चकचकीत पाऊच, पोपटाला डोळा आला, अंगठा दाखवायला लागला. केलं तर केलं. पण पाऊचच्या मागे 'आमची गोष्ट' म्हणून चार ओळी छापल्या आणि त्यात लिहिलं की हा पोपट आमच्या वडिलांच्या कल्पनेतून साकारला. आप्पांनी चष्मा लावून ते पूर्ण वाचलं आणि एवढंच बोलले, "फेट्याचा शेमला चुकीच्या बाजूला काढलाय." मी मात्र भांडायला तयार होते, आप्पांनी जाऊ दिलं नाही, म्हणाले त्यांच्या भिंतींवर आपलं घर चाललंय.

आणि मग आला आमचा आतेभाऊ. पुण्यात जाहिरात एजन्सीत आहे. घरच्या एका लग्नात पंगतीत हा विषय निघाला तर चारचौघांत मला म्हणतो, "अगं मामानं फक्त काढलं. कॅरेक्टर ब्रँडचं असतं. चित्रकार हा व्हेंडर असतो, उद्या दुसरा येतो." आप्पा समोर बसलेले. मी दादाला तिथे उलट बोलले नाही, लग्नघर होतं. पण 'फक्त काढलं' हे वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

कारण इतिहास बघितला तर ते साफ खोटं आहे. अमूलची मुलगी घ्या. १९६६ ला मुंबईत होर्डिंगवर आली. सगळे नाव घेतात सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांचं, ते घ्यायलाच पाहिजे, जाहिरातीची कल्पना त्यांच्या एजन्सीची. पण ती पोर काढली आर्ट डायरेक्टर युस्टेस फर्नांडिस यांनी. ठिपक्यांचा फ्रॉक, निळे केस, बटाट्याएवढं नाक नाहीच, नाकाचा पत्ताच नाही. अमूलचे प्रमुख वर्गीस कुरियन यांचं म्हणणं होतं की काढायला सोपी आणि लक्षात राहणारी पोर पाहिजे. का सोपी? तर होर्डिंग तेव्हा हाताने रंगवायचे आणि सारखे बदलायचे होते. म्हणजे भारतातलं सगळ्यात नावाजलेलं खाण्याचं मस्कॉट असं दिसतं त्याचं एक कारण परांचीवर, म्हणजे बांधलेल्या बांबूंवर चढून ते रंगवणारा पेंटर आहे! त्याच्या हाताला झेपेल, भराभर उतरेल, असं ते चित्र बेतलं गेलं. आणि पुढे कित्येक वर्षं ती पोर काढणारे जयंत राणे, आपलाच मराठी माणूस, त्यांचं नाव तुमच्या ओळखीत किती जणांना माहीत आहे विचारून बघा. ज्यांचं नाव आधीच मोठं होतं त्यांचंच टिकलं. एशियन पेंट्सचा गट्टू (खाण्याचा नाही, पण आप्पांच्या डब्यांवर असायचा म्हणून आठवला) १९५४ चा, आर. के. लक्ष्मण यांचा. लिज्जत पापडाचा तो ससा रामदास पाध्ये यांचा बाहुला, हे निदान मराठी माणसाला माहीत असतं, कारण पाध्ये स्टेजवर दिसतात. बोर्डाच्या मागे उभा असलेला दिसत नाही.

आतेभाऊ म्हणेल की कायदा माझ्या बाजूने आहे. अर्धा आहे. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यातलं कलम १७ म्हणतं की कुणी पैसे देऊन, सांगून चित्र काढून घेतलं आणि वेगळा करार नसेल तर पहिला मालक तो सांगणारा, आणि नोकरीत काढलं तर मालक नोकरी देणारा. म्हणजे पोपट शेठचा. मान्य. पण त्याच कायद्यात कलम ५७ आहे. ते म्हणतं हक्क विकले गेले तरी 'हे मी केलंय' म्हणायचा अधिकार करणाऱ्याकडेच राहतो, आणि त्याची अब्रू जाईल अशी मोडतोड झाली तर दाद मागता येते. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं भित्तिशिल्प सरकारने काढून गोदामात टाकलं, तेव्हा ते कोर्टात गेले आणि २००५ ला दिल्ली हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, शिल्पाचे अवशेष परत आणि वर ५ लाख भरपाई. शिल्प सरकारच्या मालकीचं होतं तरी. तेव्हा मालकी वेगळी आणि कर्तेपण वेगळं. दादा, हे वाचत असशील तर हे कलम बघ.

बाहेरही सगळं गोड नव्हतं. केलॉग्जच्या राइस क्रिस्पीज या नाश्त्याच्या कुरमुऱ्यांचे स्नॅप, क्रॅकल आणि पॉप हे तीन बुटके १९३३ च्या सुमारास व्हर्नन ग्रँट यांनी काढले. रेडिओवरची जाहिरात ऐकून त्यांना सुचले, स्वतः स्केच घेऊन एजन्सीत गेले. पुढे आपली पात्रं दुसऱ्यांकडून काढून घेतात म्हणून त्यांनी केलॉग्जवर केस केली आणि १९४४ ला न्यूयॉर्कच्या कोर्टात हरले, कारण विकताना काहीच राखून ठेवलं नव्हतं.

म्हणून तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी चित्र काढत असेल तर माझं ऐका, कुणाला मसाल्याचा, फरसाणाचा, लोणच्याचा लोगो काढून देताना आधी एका कागदावर लिहून घ्या की चित्र कुणाचं, कशावर वापरणार, आणि नाव कुठे येणार. कोपऱ्यात सही करा, शेठ जागा नाही म्हणाला तरी करा. मूळ कागद तारखेसकट जपून ठेवा. आप्पांचं पोपटाचं पहिलं स्केच एका जुन्या वहीत मला मिळालंय, डोळ्याच्या जागी नुसता गोल आणि बाजूला पेन्सिलने 'मोकळा ठेवणे'. त्याचा फोटो मी फॅमिली ग्रुपवर टाकला, आतेभावाने अजून अंगठासुद्धा दिलेला नाही.

दोन गोष्टी न्यायाने सांगायला हव्यात. मी वकील नाही, कलम ५७ मुळे प्रत्येक पाऊचवर नाव छापायलाच लागतं असं नाही, केस करायची असेल तर जाणकाराला विचारा. आणि थोरल्या शेठनी आप्पांना वर्षानुवर्षं काम दिलं, दिवाळीला फराळ पाठवला, माझी तक्रार त्यांच्या मुलाने छापलेल्या त्या चार ओळींबद्दल आहे. भडंग आजही चांगलंच आहे.

खपाचं राहिलं. वाढतो, यात मला शंका नाही, भिंतीवर पोपट आला की त्या गावात मागणी यायची हे मी डोळ्यांनी पाहिलंय. नटाच्या जाहिरातीपेक्षा कार्टून केव्हाही बरं, नट म्हातारा होतो, दुसऱ्या कंपनीकडे जातो, अमूलची पोर कुठे जात नाही. लहान मुलांवर तर इतका परिणाम होतो की चिलीने २०१६ पासून जास्त साखर-मीठ-चरबीचा काळा शिक्का असलेल्या पुड्यांवर मुलांना भुलवणारी कार्टून बंद केली, टोनी वाघसुद्धा पुड्यावरून उतरला. मला तो नियम पटतो, आपल्याकडेही यावा. आमचा पोपट त्यात गेला तरी चालेल.