इंग्रजी वाचलेलं समजतं, पण कोणी बोललं की समजत नाही. दिवसभर इंग्रजी न्यूज लावून ठेवली तर ऑफिसच्या कॉलसाठी कान तयार होईल का? किती महिने लागतील?

नाही होणार. हे मी इतक्या ठामपणे सांगतोय कारण नेमक्या ह्याच मुद्द्यावर आमच्या घरी दर गणपतीत वाद होतो. आमचे भावोजी इंग्लिश स्पीकिंगचे क्लास घेतात आणि त्यांचं म्हणणं असं की भाषा नुसती कानावर पडत राहिली पाहिजे, लहान मूल मातृभाषा कसं शिकतं तसंच, टीव्ही चालू ठेवा, झोपताना हेडफोन लावा, आपोआप येतं. आपोआप काही येत नाही. लहान मुलासमोर आई वाटी धरते आणि वाटी म्हणते, त्याच्या तोंडाकडे बघून बोलते, त्याला कळलं नाही की परत म्हणते, दिवसभर हेच चालू असतं. न्यूजचा अँकर तुमच्यासाठी थांबत नाही आणि तुम्हाला कळलं की नाही ते त्याला ठाऊकही नसतं. आमचं घर रत्नागिरीकडे, समुद्राला लागून. किनाऱ्यावर राहणाऱ्याला रात्री गाज ऐकू येत नाही, पाहुण्यांना येते, त्यांना झोप लागत नाही. सतत कानावर पडणाऱ्या आवाजाचं कान हेच करतो, बाजूला टाकतो.

मी मर्चंट नेव्हीत डेक ऑफिसर आहे. दहावीपर्यंत मराठी मीडियम, अकरावी-बारावी सायन्सला पुस्तकं इंग्रजी पण सर शिकवायचे मराठीतच, म्हणजे तुमचीच गत. डीएनएसचं, म्हणजे डिप्लोमा इन नॉटिकल सायन्सचं, वर्ष निभावलं कारण शिकवणारे सगळे आपल्याकडचे, त्यांचं इंग्रजी आपल्यासारखंच. मग पहिलं जहाज मिळालं, बल्क कॅरियर, कॅप्टन युक्रेनचे, सेकंड मेट फिलिपिनो, चीफ मेट आपले भारतीय, आणि ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, तो व्हीएचएफ रेडिओ. ज्यांनी ऐकला नसेल त्यांना सांगतो, चिरका आवाज, मागे खरखर, दोन जण एकदम बोलले की दोघांचंही गायब, बोलणाऱ्याचं तोंड दिसत नाही, आणि बोलणारा चिनी, कोरियन, ग्रीक, कुणीही. चॅनल सोळा तर चोवीस तास चालू ठेवावाच लागतो. म्हणजे भावोजींच्या हिशोबाने सगळ्यात आदर्श परिस्थिती, इंग्रजी अखंड कानावर पडतंय! पण त्याच ब्रिजवर अशी माणसं होती ज्यांना वर्षानुवर्षं तो रेडिओ ऐकूनही आपल्या जहाजाचं नाव सोडून काही पकडता यायचं नाही.

चीफ मेट पहिल्याच आठवड्यात सगळ्यांदेखत म्हणाले की ह्या व्हर्नाक्युलर मीडियमच्या पोरांना रेडिओ द्यायचा नाही, ह्यांचा कानच तयार नसतो. ते वाक्य मला आजही बोचतं. इंग्रजी मीडियमची जी मुलं होती त्यांनाही चिनी पोर्ट कंट्रोल काय बोलतंय ते कळत नव्हतं, पण त्यांना कोणी काही म्हणायचं नाही.

मला शिकवलं ते सेकंड मेटनी. त्यांचा वॉच, म्हणजे ब्रिजवरची पाळी, रात्री बारा ते चार, मी त्यांच्यासोबत. मलाक्का स्ट्रेटमधून जाताना त्यांनी एक वही दिली आणि पानावर रकाने आखायला लावले: कोणी कोणाला बोलावलं, कुठल्या चॅनलवर गेले, आकडे काय सांगितले, करायला काय सांगितलं. आपल्याला आलेला कॉल असो की दुसऱ्या जहाजाचा, सगळं लिहायचं, अर्धं कळलं तर अर्धं. आणि वॉच संपायच्या आधी ते माझी वही घ्यायचे. त्यांनी स्वतः तेच ऐकलेलं असायचं, त्यामुळे ते पेन घेऊन सांगायचे, हे बरोबर, इथे तो ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल बसलंय ते) म्हणाला होता, इथे त्याने पायलटची वेळ सांगितली ती तू सोडलीस. बस, एवढंच. पण ह्यातच सगळं आहे. ऐकलेलं कुणीतरी तपासलं पाहिजे, माणसाने किंवा कागदाने. जे तपासलं जात नाही ते ऐकणं वाया जातं, तुम्ही तीच चूक रोज ऐकत राहता.

दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली ती म्हणजे रेडिओ वाजायच्या आधीच समोरचा काय विचारू शकतो ते मनात आणायचं. सिंगापूर जवळ आलं की व्हीटीआयएसवाले, म्हणजे तिथली जहाजांची वाहतूक सांभाळणारे, जहाजाचं नाव, कॉल साइन, पोझिशन, ड्राफ्ट, पुढचं पोर्ट, पायलट हवा का, ह्याच्या बाहेर फारसं काही विचारत नाहीत. यादी डोक्यात असली की खरखरीतूनही शब्द वर येतो. आयईएलटीएस देणाऱ्यांनी हे नक्की लक्षात ठेवा. तिथे चाळीस प्रश्न असतात, ऑडिओ एकदाच ऐकवतात, पण प्रत्येक भागाआधी प्रश्न वाचायला वेळ देतात, तो वेळ ह्यासाठीच असतो.

मग एकदा चीनच्या किनाऱ्यावर संध्याकाळी चार ते आठच्या वॉचला मी चीफ मेटबरोबर होतो. मासेमारीच्या बोटींचा नुसता खच पडलेला, चीफ मेट त्या चुकवण्यात गुंतलेले, कॅप्टन जेवायला खाली गेलेले, आणि पोर्ट कंट्रोलने अँकर कुठे टाकायचा त्याचं लॅटिट्यूड-लाँगिट्यूड सांगितलं. भरभर, एका दमात. चीफ मेटना अर्धंच मिळालं, त्यांनी परत विचारलं, परत तसंच भरभर उत्तर आलं. माझ्या वहीत दोन्ही वेळचे आकडे लिहिलेले होते आणि ते जुळत होते. मी वही पुढे केली. त्यांनी विश्वास ठेवला नाही, तिसऱ्यांदा विचारलं, ह्या वेळी त्या माणसाने एकेक आकडा सुटा करून सांगितला आणि वहीतला एकही आकडा बदलावा लागला नाही. ते काही बोलले नाहीत. पण त्यांच्या वॉचला रेडिओ माझ्याकडे यायला लागला. मराठी मीडियमच्या कानात काही खोट नसते हे मी तेव्हापासून कुणालाही सांगायला तयार आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. वाचलेलं समजतं आणि ऐकलेलं नाही ह्याचं कारण आपण इंग्रजी डोळ्याने शिकलोय. मराठीत आपण जवळपास प्रत्येक अक्षराला त्याचा वेळ देतो, इंग्रजीवाला महत्त्वाच्या शब्दावर जोर देतो आणि मधले ऑफ, टू, फॉर, अँड, हॅव गिळून टाकतो. कुड हॅवचं कुडव होतं, गोइंग टूचं गन्ना होतं. अमेरिकन माणूस कॅन म्हणतो तेव्हा ते नुसतं क्न ऐकू येतं, आणि कान्ट म्हणतो तेव्हा कॅन असं पूर्ण ऐकू येतं, शेवटचा ट जवळजवळ गायब. त्यामुळे आपण नेमका उलटा अर्थ घेऊन मोकळे होतो. क्लायंट करू शकत नाही म्हणाला आणि तुम्ही करतो म्हणाला असं लिहिलं तर काय होईल विचार करा. फिफ्टीन आणि फिफ्टीचं तसंच, शेवटच्या न पेक्षा जोर कुठे पडतो ते ऐका, फिफ्टीमध्ये तो पहिल्या भागावर असतो, फिफ्टीनमध्ये बहुतेक वेळा दुसऱ्यावर. जहाजावर तर हा घोळ नको म्हणून आकडे सुटेच बोलायचा नियम आहे, वन-फाइव्ह, फक्त सुकाणूच्या ऑर्डरला अख्खा आकडा.

करायचं काय तर मिनिटभराचा ऑडिओ घ्या, ज्याचा लिहिलेला मजकूर मिळतो असा. बीबीसी लर्निंग इंग्लिशचं सिक्स मिनिट इंग्लिश आहे, टेड टॉक्स आहेत, दोन्हीला ट्रान्सक्रिप्ट फुकट मिळतं. मजकूर न बघता दोनदा ऐका, मग थांबवत थांबवत लिहून काढा, शाळेत बाई श्रुतलेखन घ्यायच्या अगदी तसं, आणि मग मजकुराशी ताडून बघा. सुटलेले शब्द दोन प्रकारचे निघतील. एक, जो शब्द माहीतच नव्हता. तो लिसनिंगचा प्रश्नच नाही, डिक्शनरी बघा आणि पुढे जा. दुसरा, जो शब्द तुम्हाला चांगला माहीत आहे पण ऐकताना ओळखू आला नाही. हे शब्द लाल पेनाने लिहा, तुमचं सगळं काम ह्यांच्यावरच आहे. तो तुकडा बोलणाऱ्याच्या बरोबरीने, त्याच्याच वेगाने, मोठ्याने बोला, जीभ गिळायला शिकली की कानाला गिळलेलं ओळखू येतं. स्पीड कमी करून ऐकू नका, गिळलेला शब्द हळू केला तरी गिळलेलाच राहतो. ऑफिसात मीटिंग रेकॉर्ड होत असतील आणि परवानगी असेल तर त्यातली पाच मिनिटं घ्या, बीबीसीपेक्षाही ती उपयोगी, कारण तुम्हाला त्याच माणसांना ऐकायचंय. ऑटोमॅटिक ट्रान्सक्रिप्टवर मात्र आंधळा विश्वास नको, आपल्याकडच्या नावांची ते वाट लावतं.

सबटायटल लावून सिनेमे बघणं हा वाचनाचा सराव आहे, त्याला लिसनिंग म्हणू नका. भावोजींना हे अजिबात पटत नाही.

आणि कळलं नाही तर विचारा हो! जहाजावर से अगेन म्हणण्यात कमीपणा नसतो, आयएमओने, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, २००१ साली समुद्रावर बोलायची जी ठरावीक वाक्यं मंजूर केली त्यात ते शब्द आहेत, आणि समोरच्याचं बोलणं परत म्हणून दाखवणं ही तर रोजची शिस्त. ह्यामागे मेलेली माणसं आहेत. १९९० साली स्कँडिनेव्हियन स्टार ह्या प्रवासी जहाजाला आग लागली, १५९ माणसं गेली, तिथे खलाशांपैकी बऱ्याच जणांना एकमेकांशी आणि प्रवाशांशी बोलायला एक भाषाच नव्हती. तुमच्या कॉलवर कोणी मरणार नाही, पण मान हलवून यस यस म्हणण्यापेक्षा, म्हणजे गुरुवारपर्यंत ही फाइल हवी, बरोबर ना, असं इंग्रजीतून परत विचारलं तर समोरचा उलट खूश होतो. माझ्या अनुभवात गोरे लोकही एकमेकांना सारखं विचारत असतात.

भावोजींचा एक मुद्दा मात्र सोडवायचाय कारण तो ते दर वेळी काढतात. आमचे बाबा सातवी शिकलेले, पण आकाशवाणीवर टेस्ट मॅचची कॉमेंट्री ऐकून ऐकून त्यांना इंग्रजी कॉमेंट्री कळायची, मग ते कसं आलं, नुसतं ऐकूनच ना? अहो, कॉमेंट्री आलटून पालटून हिंदी आणि इंग्रजीत असायची. इंग्रजीवाला काय म्हणाला ते थोड्याच वेळात हिंदीवाला सांगायचा, स्कोअर सांगायचा, कोण आउट झालं ते सांगायचा. बाबांचं ऐकणं दर थोड्या वेळाने तपासलं जात होतं. शिवाय कोण बॅटिंग करतंय, किती विकेट पडल्यात हे आधीच डोक्यात, आणि ट्रान्झिस्टर कानाला लावलेला, कुणी मध्ये बोललं तर ओरडायचे. ह्याला बॅकग्राउंडला चालू ठेवणं म्हणतात का? बाबांनी कधी इंग्रजी न्यूज ऐकली नाही आणि त्यांना ती कळलीही नसती.

भावोजींचाच मुलगा, माझा भाचा, दोन वर्षं घरात इंग्रजी न्यूज चालू होती, आणि शिपिंग कंपनीच्या स्पॉन्सरशिपच्या ऑनलाइन इंटरव्ह्यूत समोरच्या कॅप्टननी विचारलेला साधा प्रश्न त्याला कळेना. पोरगा हुशार आहे. सुट्टीवर होतो तेव्हा त्याला वही दिली, रोज संध्याकाळी मी स्वतः तपासायचो, आणि पुढच्या इंटरव्ह्यूला तो नीट बोलून आला. भावोजी म्हणतात दोन वर्षांची न्यूज तेव्हा फळाला आली. मग ती पहिल्या इंटरव्ह्यूला कुठे होती?

काही गोष्टी राहिल्या त्या सांगतो. हे सगळं ज्याला वाचलेलं समजतं त्याच्यासाठी आहे. वाचलेलंच समजत नसेल तर श्रुतलेखनाने डोकं फिरेल, आधी शब्द वाढवा. मराठीतसुद्धा सारखं काय काय विचारावं लागत असेल तर कानाच्या डॉक्टरकडे जाऊन तपासणी करून या, इंजिन रूममधल्या कितीतरी लोकांचं ते निघतं. न्यूज आवडत असेल तर बघा, नुकसान काही नाही, फक्त तो अभ्यास झाला असं धरू नका. आणि माणूस बदलला की पहिले काही दिवस परत अवघड जातं, मला आजही नवीन देशाचा कॅप्टन आला की थोडं जड जातं, फिलिपिनो मित्र फुल अहेडला पुल अहेड म्हणतो हे एकदा लक्षात आलं की मग सुरळीत.

किती महिने ते तुमचे कॉल कोणाशी असतात त्यावर आहे. अमेरिकन, ब्रिटिश, जर्मन, जपानी, जे असेल ते खाली लिहा, त्या माणसांचं ऐकायला मिळेल असं काय आहे ते बघून सांगतो. सध्या घरी आहे, जहाज लागेपर्यंत उत्तर देईन.