पाच दिवसांच्या शर्यतीत टीम नक्की करते काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पोर्तुगालमधली 2025 ची अल्गार्वे सायकल शर्यत पाहिली, दुसऱ्या दिवशी फोइयाच्या चढावर यूएई टीमचा यान क्रिस्टन जिंकला, एकूण वेळेत पुढे असणाऱ्याची पिवळी जर्सीही त्याच्याकडे आली, टीममध्ये जोआओ आल्मेइदासारखा दादा रायडर होता, आणि तरी शेवटच्या दिवशी दुसऱ्या टीमचा विंगेगोर सगळं घेऊन गेला. मग सात जणांची टीम होती कशाला? आणि आठव्या-नवव्या नंबरसाठी लोक एवढे जीव तोडून का पळतात?

आधी चढाचं बघू. घाटात टीमकडे दोन ताकदीचे गडी असले की समोरच्यांची पंचाईत होते. एकाने हल्ला केला की पाठलाग करायची जबाबदारी दुसऱ्या टीमवर पडते, आणि आपला दुसरा गडी त्यांच्याच चाकाला चिकटून आरामात येतो. पाठलाग जमला तर तो ताज्या पायांनी निघणार, नाही जमला तर पहिला जिंकलाच. वीस वर्षांच्या क्रिस्टनला मोकळं सोडणं हा यूएईचा गोंधळ होता असं काहीजण म्हणतात, मला अजिबात पटत नाही. हातात दोन पत्ते असताना एकच खेळायचा कशाला?

फसलं ते शेवटच्या दिवशी. मालयाँच्या चढावर संपणारी 19.6 किलोमीटरची टाइम ट्रायल, म्हणजे घड्याळाविरुद्धची शर्यत. तिथे प्रत्येकाने एकट्याने पळायचं, कुणाच्या आडोशाला जायचं नाही. सहा साथीदारांचा उपयोग शून्य. विंगेगोरने तो टप्पाही (म्हणजे त्या दिवसाची शर्यत) जिंकला आणि शर्यतही, आल्मेइदा दुसरा आला. तीन आठवड्यांच्या शर्यतीत असा एखादा दिवस पुढे भरून काढता येतो. पाच दिवसांत पुढे काही उरलेलंच नसतं. त्यात पहिल्या दिवशी लागोसमध्ये बहुतेक घोळका शेवटच्या किलोमीटरच्या आत राउंडअबाउटवर चुकीच्या बाजूने गेला, योग्य रस्त्यावरून आलेल्या गान्ना नावाच्या रायडरने रेषा ओलांडली आणि मग तो निकालच रद्द झाला. म्हणजे हिशेबाला खरे दिवस चारच.

आता टीमचं जे काम टीव्हीवर फारसं दिसत नाही ते. पाम बीच रोडवर समोरून वारा असताना ज्याने ग्रुपच्या पुढे राहून सायकल ओढली आहे त्याला वेगळं सांगायला नको. चाळीसच्या पुढच्या वेगात मागे बसणाऱ्याची तिसरा हिस्सा तरी ताकद वाचते. म्हणून लीडरला, म्हणजे टीमच्या मुख्य रायडरला, चढाच्या पायथ्यापर्यंत वारा लागू द्यायचा नाही, हे तीन-चार जणांचं दिवसभराचं काम. त्यातला एकजण मधूनच मागे टीमच्या गाडीपाशी जातो, सहा-सात बाटल्या जर्सीच्या पाठीत, मानेपाशी, जागा मिळेल तिथे कोंबतो आणि ते ओझं घेऊन वाऱ्यातून पुन्हा पुढे येतो. बाटल्या वाटून झाल्या की तासाभराने परत तेच. निकालात हा नव्वदावा दिसतो, आणि आपण म्हणतो याचा दिवस वाईट गेला!

पायथ्याशी पोचायच्या आधी जागा पकडणं हे तर वेगळंच युद्ध. विरार फास्टमध्ये अंधेरीला उतरायचं तर दादर सुटल्यापासूनच दाराकडे सरकावं लागतं, तसंच. अरुंद वळण आलं की चाळिसाव्या नंबरवरचा माणूस ब्रेक दाबून थांबतो आणि पहिले दहा निघून जातात.

घोळक्यामागून येणाऱ्या टीमच्या गाड्यांचा क्रमसुद्धा एकूण क्रमवारीवरच, म्हणजे सगळ्या दिवसांच्या वेळेच्या बेरजेवरच, ठरतो. तुमचा सर्वात पुढचा रायडर जितका वर, तितकी तुमची गाडी घोळक्याच्या जवळ. पंक्चर झालं की याची किंमत कळते.

राहिला आठवा नंबर. इथे पैशापेक्षा पॉइंटांचा खेळ मोठा. वर्ल्ड टूर या सर्वात वरच्या दर्जाच्या खालच्या प्रोसिरीज दर्जाच्या शर्यतीत, म्हणजे अल्गार्वेसारख्या, एकूण विजेत्याला यूसीआयचे, म्हणजे जागतिक सायकल संघटनेचे, 200 पॉइंट मिळतात आणि एक टप्पा जिंकणाऱ्याला 20. म्हणजे फोटो टप्पेवाल्याचा, पॉइंट क्रमवारीवाल्याचे, आणि ते खालच्या नंबरांनाही मिळतात. तीन वर्षांच्या बेरजेवर वर्ल्ड टूरचा परवाना टिकतो किंवा जातो. 2022 च्या शेवटी लोट्टो सौदाल आणि इस्राएल-प्रीमियर टेक या दोन टीम अशाच खाली घसरल्या. 2023 पासून टीमच्या वीस रायडर्सचे पॉइंट धरले जातात, आधी दहांचेच धरत. एक्सडीएस अस्ताना टीमने 2025 मध्ये हेच ओळखलं. वर्षाच्या सुरुवातीला ते बुडालेच असं सगळे धरून चालले होते. त्यांनी छोट्या-छोट्या शर्यतींत माणसं पेरली, मिळेल तो नंबर उचलला आणि जागा राखली. बघायला कंटाळवाणं होतं, हे मान्य.

आपल्या मुंबई-पुण्यात बोरघाटात 'घाटाचा राजा' ठरतो तेव्हा तोच पुण्याला पहिला येईल असं आपण धरत नाही. इथेही तेच धोरण ठेवा. पुढची छोटी शर्यत बघाल तेव्हा टाइम ट्रायल कितव्या दिवशी आहे आणि किती लांबीची आहे ते आधी तपासा. शेवटच्या दिवशी असेल तर चढावर कुणी किती सेकंद कमावले यापेक्षा घड्याळाविरुद्ध चांगला पळणारा कुणापासून किती मागे आहे, तेवढं लिहून ठेवा.