नवीन सेन्सर टाकूनही ऑइल प्रेशरचा कोड जात नाही, ईसीएम बदलू का?

थांबा, ईसीएमची, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची, ऑर्डर अजून देऊ नका. तुम्ही लिहिलंय की वाघोडिया जीआयडीसीत 320 केव्हीएचा डिझेल जनरेटर सेट आहे, लोडवर वीसेक मिनिटं झाली की पिवळा दिवा लागतो, पॅनलवर एसपीएन 100 एफएमआय 3 येतं, कधी सेट ट्रिपच होतो, तीन आठवड्यांत दोन सेन्सर बदलले तरी तेच, आणि आता मेकॅनिक म्हणतोय ईसीएम गेला. मी बडोद्यातलाच, दांडिया बाजारला राहतो, तरसाली आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक केलं आणि तेव्हापासून मकरपुरा, पोर, नंदेसरी असे सेटच बघत फिरतोय. या एका कोडपायी लोकांचे किती पैसे गेलेले बघितलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कोड काय सांगतोय ते बघू. एसपीएन सांगतो कुठल्या गोष्टीचा कोड आहे, एफएमआय सांगतो बिघाड कुठल्या प्रकारचा. एसपीएन 100 म्हणजे इंजिन ऑइल प्रेशर, आणि एफएमआय 3 म्हणजे सिग्नलचं व्होल्टेज जेवढं असायला पाहिजे त्याच्या वर गेलंय. बस, एवढंच. सेन्सर खराब आहे असं त्यात कुठेच नाही, ईसीएम खराब आहे असंही नाही. एफएमआय 4 असता तर व्होल्टेज खाली गेलंय असा अर्थ. कमिन्स कंपनीच्या सेटवर हेच दोन 135 आणि 141 नंबरने येतात. पण एफएमआय 1 किंवा 18 आला तर गोष्टच वेगळी, तिथे सर्किट ठीक आहे आणि प्रेशर खरंच कमी पडलंय, तेव्हा मीटर घेऊन वायरी शोधत बसायचं नाही, सेट बंद करायचा.

तुमच्याकडे 3 आहे तरी माझं ऐका, एकदा साधं काट्याचं गेज लावून खरं प्रेशर बघून घ्या. ऑइल गॅलरीवर, म्हणजे इंजिनातल्या ऑइलच्या मुख्य वाटेवर, एखादा प्लग असतो, तो काढून गेज बसवायचं, इंजिन गरम होऊ द्यायचं आणि 1500 आरपीएमला किती येतंय ते मॅन्युअलशी ताडून बघायचं. अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्यानंतर डोकं शांत ठेवून वायरिंगकडे बघता येतं. आणि हात जोडून सांगतो, कोणी म्हणालं की सेन्सरच्या जागी एक रेझिस्टन्स लावून देतो, दिवा लागणार नाही, तर त्याला गेटवरूनच परत पाठवा. दिवा बंद होईल, पण उद्या खरंच ऑइल संपलं तरी पॅनलवर प्रेशर छानच दिसत राहील आणि बेअरिंग धरल्यावरच कळेल. मी असा एक क्रँक शाफ्ट बघितलाय, निळा पडलेला, तो डोळ्यांसमोरून जात नाही.

आता सर्किट. सेन्सरला तीन वायरी असतात, एकीवर ईसीएम 5 व्होल्ट देतो, एक रिटर्न म्हणजे सेन्सरचा ग्राउंड, आणि तिसरी सिग्नल. प्रेशर शून्य असताना सिग्नलवर साधारण 0.5 व्होल्ट आणि पूर्ण प्रेशरला 4.5. म्हणजे 10 बारचा सेन्सर असेल तर दर बारला 0.4 व्होल्ट, 4 बार प्रेशर असेल तर 2.1 व्होल्ट दिसले पाहिजेत. या हिशेबात आकडा पार 4.7, 4.8 च्या वर गेला की ईसीएम समजतो की हे प्रेशर नाही, काहीतरी तुटलंय किंवा चिकटलंय, आणि 3 टाकतो. आता तुमच्या कामाची गोष्ट अशी की रिटर्नची वायर तुटली तरी सिग्नल वर जातो, कारण सेन्सरला खाली ओढणारं काही उरत नाही. सिग्नलची वायर तुटली तरी बऱ्याच ईसीएममध्ये आतून 5 व्होल्टकडे ओढ दिलेली असते त्यामुळे तिथेही 3 च येतो. सिग्नल 5 व्होल्टला किंवा बॅटरीच्या वायरला घासून चिकटली तरी 3. या तिन्हींत सेन्सरचा काही संबंध नाही, म्हणून दोन सेन्सर बदलून काही झालं नाही याचं मला आश्चर्य वाटत नाही.

हात घालण्याआधी एक काम. तुमचं पॅनल ऑटोवर असणार, लाइट गेली की सेट आपोआप उठतो, आणि तुमचा माणूस तेव्हा बेल्टशेजारी वाकलेला असेल. पॅनल स्टॉपवर, इमर्जन्सी दाबलेलं, आणि ओहम मोजायचे असतील तर बॅटरीचा निगेटिव्ह काढलेला. यात काटकसर नको.

मग सेन्सरचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा कनेक्टर, काढा, चावी ऑन करा, इंजिन बंदच. लूमच्या (वायरींच्या जुडग्याच्या) बाजूला, म्हणजे वायरीकडच्या अर्ध्या भागात, 5 व्होल्टची पिन आणि रिटर्नची पिन यांच्यात मोजा, 4.75 ते 5.25 च्या आत आलं पाहिजे. नाही आलं तर लगेच तीच 5 व्होल्टची पिन बॅटरीच्या निगेटिव्हशी मोजा. इथे 5 मिळाले आणि रिटर्नशी मिळत नाहीत, तर रिटर्नच तुटलाय, शोध तिथेच संपला. दोन्हीकडे नाही मिळाले तर 5 व्होल्टच बसलेत, म्हणजे खाली पडलेत, आणि ते 5 व्होल्ट बहुतेक वेळा दोन तीन सेन्सरना मिळून असतात, एकाने शॉर्ट केलं की सगळे बसतात. तेव्हा एका दिवशी तीन चार कोड एकदम येतात आणि माणूस घाबरून म्हणतो ईसीएमच गेला. अशा वेळी एकेक सेन्सरचा कपलर काढत जायचं, ज्याचा काढल्यावर 5 परत आले तो चोर.

5 व्होल्ट बरोबर आले तर पुढची टेस्ट ही ईसीएमचा निकाल लावणारी आहे. कपलर काढलेलाच ठेवून एक बारीक वायर घ्या, दोन्ही टोकांना त्याच मापाच्या पिना लावलेली, आणि लूमच्या बाजूला सिग्नल आणि रिटर्न एकमेकांना जोडा. सिग्नल आता शून्यावर आला, म्हणजे ईसीएमने 3 सोडून 4 दाखवला पाहिजे. दाखवला तर सिग्नलची वायर, रिटर्नची वायर आणि ईसीएम, तिघंही त्या क्षणी ठणठणीत आहेत, मेकॅनिकला स्क्रीनचा फोटो दाखवा. नाही बदलला तर हीच जोडणी ईसीएमच्या मोठ्या कनेक्टरवर, त्याच दोन पिनांवर करून बघा, तिथे 4 आला तर मधलं लूम खराब, आणि तिथेही 3 च राहिला तर मग ईसीएमवर संशय घ्या, आधी नाही. फक्त 12 किंवा 24 व्होल्ट या पिनांना चुकूनही लावायचे नाहीत आणि टेस्ट लॅम्प तर अजिबात नाही, चांगला ईसीएम तेवढ्याने जातो.

तुमचा खरा त्रास मात्र वीस मिनिटांचा आहे. थंड असताना मोजलं की सगळं बरोबर येणार, तुमच्या मेकॅनिकने तेच केलं असेल असं वाटतं, सकाळी आला, मोजलं, वायरिंग ओके म्हणाला, मग उरलं काय तर ईसीएम. म्हणून सेट लोडवर चालवा, कोड आला की बंद करा, चावी ऑन ठेवून लगेच गरम असतानाच वरच्या सगळ्या टेस्ट करा. आणि त्याआधी इंजिन बंद, चावी ऑन, कपलर लावलेला, स्क्रीनवर ऑइल प्रेशर चालू ठेवून एका माणसाने लूम सेन्सरपासून ईसीएमपर्यंत वीतभर वीतभर हलवत जायचं, दुसऱ्याने आकड्यावर डोळा ठेवायचा. आकडा जिथे उडी मारेल तिथे थांबा. मग प्रत्येक वायर कपलरच्या मागून एकेक करून ओढून बघा, साधारण साडेचार किलोचा जोर, पिन जागची हलता कामा नये.

31 जुलै 2019 आठवतोय ना, एका दिवसात जवळजवळ 500 मिलीमीटर पाऊस पडला आणि विश्वामित्री घरात आली होती. तेव्हा कारेलीबागेत एका सोसायटीचा सेट तळघरात पाण्यात गेला. पाणी उपसलं, ऑइल बदललं, अल्टरनेटर सुकवला, सेट चालू झाला, सगळे खूश. दिवाळीच्या सुमारास हाच कोड, एसपीएन 100 एफएमआय 3, आणि तोही गरम झाल्यावरच. माझ्या आधी कोणीतरी तीन सेन्सर बदलून गेलं होतं. मी कपलर उघडला तर समोरून पिना चकचकीत. मग पिन काढायच्या हत्याराने रिटर्नची पिन मागून बाहेर घेतली, तर जिथे वायर दाबलेली असते तिथे हिरवा थर, पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की कळकतं ना, अगदी तसा. रबरी सील कडक होऊन त्याला चीर गेलेली. वायरचं इन्सुलेशन दोन इंच सोललं तर आतलं तांबं काळं, आणि बोटाने वाकवलं तर तारा चुऱ्यासारख्या हातात आल्या. इंजिन थंड असताना त्या उरलेल्या दोन तीन तारा टेकत होत्या, इंजिन तापलं, थरथर वाढली की सुटत होत्या. लखलखीत तांबं दिसेपर्यंत वायर कापत गेलो, जवळजवळ सहा इंच गेली, नवीन तुकडा क्रिंप करून, म्हणजे पट्टीत दाबून जोडून, वरून हीट श्रिंक नळी, नवी पिन, नवं सील. तो कोड परत आला नाही. 2024 च्या ऑगस्टमध्येही वडोदऱ्यात पूर आला होता, तुमचा सेट तेव्हा कुठे होता ते नक्की विचारा, आणि पाणी चढलं नसलं तरी प्रेशर पाइपने सेट धुतात का तेही विचारा, कारण त्या पाण्याच्या जोराने सील उलटतं.

दुसरी जागा पिनांची पकड. दोन सेन्सर बदलताना कोणी ना कोणी मल्टीमीटरची जाड सळई कपलरच्या मादी पिनेत खुपसली असणार. पिन फाकते, बाहेरून काही दिसत नाही, पण पकड जाते. एक नवी नर पिन हातात घेऊन प्रत्येक भोकात घालून बघा, बाहेर काढताना हाताला ओढ लागली पाहिजे, सहज निसटली तर ती पिन बदला. मोजताना मागून बारीक पिन घालून मोजायचं, वायरला टोचून तर कधीच नाही, त्या भोकातून पुढच्या पावसात पाणी आत जातं. आणि पिना पॉलिश पेपरने घासू नका, वरचा मुलामा निघतो, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि सुकू द्या.

कपलर उघडल्यावर आत ऑइल दिसलं तर ते नुसतं चिंधीने पुसून बसवू नका. सेन्सर आतून फुटला की ऑइल वायरच्या तारांमधून दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं चढतं, नंदेसरीला एका सेटवर मी ते चार फूट लांबच्या ईसीएमच्या कनेक्टरपर्यंत पोचलेलं बघितलंय. तिथे सेन्सरबरोबर वायरपण बदलावी लागली.

तुम्ही टाकलेल्या सेन्सरचा पार्ट नंबरही एकदा बघा, आटे तेच, कपलर तोच, पण एक 7 बारचा आणि एक 10 बारचा असं होतं. त्याने 3 येणार नाही पण प्रेशर चुकीचं दिसेल. आणि कोणाकडे जुना सेट असेल, ज्यात एकच वायर आणि ग्राउंड बॉडीतून, तर त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, ग्राउंडच तुटतो.

बूस्टच्या, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेच्या, सेन्सरचा कोड असता तर एक सोपी युक्ती होती तीही सांगून ठेवतो, इंजिन बंद, चावी ऑन, तेव्हा बूस्टचा सेन्सर नुसत्या हवेचा दाब दाखवतो, आपल्याकडे 100 किलोपास्कलच्या आसपास. माझे साडू इंदूरला असतात, पिथमपूरला सेट सांभाळतात, त्यांचा एकदा फोन आला की आकडा 95 दाखवतोय, सेन्सर बदलू का, म्हटलं अहो इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, तुमचा सेन्सर खरं बोलतोय. कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या जाड पाइपच्या, सेन्सरला मात्र स्वतः हात लावू नका, रेलमध्ये हजार दीड हजार बारच्या वर प्रेशर असतं, ते डिझेल कातडीतून आत जातं.

2023 पासून सीपीसीबी 4 प्लस, म्हणजे जनरेटरच्या धुराचे कडक नियम, लागू झाल्यावर नव्या सेटवर सेन्सर अजून वाढलेत, त्यामुळे मोजायला शिकलेला एक माणूस कंपनीत असणं आता गरजेचं झालंय, तुमच्या इलेक्ट्रिशियनला पाठवा, रविवारी मी मोकळा असतो, बरोबर उभा राहून करून दाखवीन. तोपर्यंत सेट गरम असताना घेतलेले हे आकडे इथे खाली टाका: 5 व्होल्ट ते रिटर्न, 5 व्होल्ट ते बॅटरी निगेटिव्ह, आणि सिग्नल व रिटर्न जोडल्यावर 3 चा 4 झाला की नाही. त्यावरून पुढे कुठली वायर धरायची ते सांगतो.